डेटाबेस चुकीची वेळ दाखवतोय? घड्याळाला हात लावायच्या आधी फरक मोजा

वाशीच्या मार्केटात भाजीच्या गाड्या मध्यरात्रीनंतर लागायला लागतात आणि ज्यांची आवक आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पडते त्यांचे फोनही नेमके तेव्हाच येतात. "मॅडम, गाडी आत्ता खाली केली आणि सिस्टम कालची तारीख दाखवतंय." मी घणसोलीला राहते, सपोर्टचं काम करते, आणि हाच बिघाड वाशीत, तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, रबाळे एमआयडीसीत, वागळे इस्टेटमध्ये इतक्यांदा निस्तरलाय की आता फोनवर पहिला प्रश्न एकच विचारते, किती वेळेचा फरक आहे ते सांगा. "टाइम चुकतोय" एवढ्यावरून काही कळत नाही, पण "साडेपाच तास मागे" म्हटलं की निम्मं काम तिथेच होतं.

लक्षणं आधी बघा, आपलं कुठलं ते ओळखा.

वेळ बरोब्बर साडेपाच तास मागे असेल, मिनिटं जुळत असतील, तर डेटाबेस यूटीसी (ग्रीनिचची जागतिक वेळ, आपण तिच्या साडेपाच तास पुढे) दाखवतोय आणि कोणीच ती आपल्या वेळेत बदलत नाहीये. साडेपाच तास पुढे असेल तर उलटं, आधीच आपल्या वेळेत असलेल्या आकड्यात कोणीतरी अजून एकदा साडेपाच मिळवलेत. अकरा तास मागे म्हणजे मिळवायच्या जागी वजा झालेत. तारीख एक दिवस मागे आणि सोबत १८:३० दिसतंय, तर ती आपली रात्रीची बारा आहे, यूटीसीत गेलेली. रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या एंट्री तेवढ्या कालच्या रिपोर्टात पडतात आणि दिवसभराच्या बरोबर असतात, हे पण त्याच घरचं. ऑफिस टाइममध्ये काम करणाऱ्यांना हे महिनोन्‌महिने कळत नाही, मार्केटवाल्यांना पहिल्याच रात्री कळतं.

मग जरा विचित्र लक्षणं. तास बदलतात पण मिनिटं जूनभर ०६ आणि जुलैभर ०७ राहतात. दुपारचे दोन पहाटेचे दोन होतात. साडेतीन तासांचा फरक येतो, ज्याचा भारताशी काही संबंधच वाटत नाही. अर्धा तास चाललेल्या जॉबमधल्या सगळ्या एंट्रींवर सेकंदासकट एकच वेळ असते. सर्व्हरवर बसून बघितलं तर बरोबर आणि ॲप्लिकेशनमधून बघितलं तर चूक. आणि शेवटी खरोखरचे घड्याळाचे आजार, रोज थोडी थोडी मागे पडणारी वेळ, किंवा लाईट जाऊन आली की दहा-वीस वर्षं मागे गेलेली तारीख.

आता तपासणी, फुकटात होणाऱ्यापासून सुरू करू.

सगळ्यात आधी एकाच मिनिटात चार ठिकाणच्या वेळा लिहून काढा, कागदावर लिहा खरंच. तुमच्या मोबाईलवरची, सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टमची, डेटाबेसला आत्ता किती वाजले विचारल्यावर तो सांगतो ती, आणि डेटाबेसचीच यूटीसी वेळ. मायएसक्यूएलमध्ये नाऊ आणि यूटीसी-टाइमस्टॅम्प ही दोन फंक्शन एकाच सिलेक्टमध्ये चालवा, एसक्यूएल सर्व्हरमध्ये गेटडेट आणि गेटयूटीसीडेट. यूटीसी वेळ मोबाईलपेक्षा बरोब्बर साडेपाच तास मागे असेल तर घड्याळ ठणठणीत आहे, भानगड टाइमझोनची किंवा दाखवण्याची आहे, आणि मग घड्याळाला अजिबात शिवायचं नाही. हे एवढं ठासून सांगतेय कारण रबाळ्याच्या एका साइटवर तिथल्या पोराने रिपोर्ट साडेपाच तास मागे दिसतोय म्हणून सर्व्हरचं घड्याळच साडेपाच तास पुढे ढकललं. रिपोर्ट मस्त दिसायला लागला, पोराला शाबासकीपण मिळाली. पण विंडोजच्या डोमेनमध्ये घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की मुळातल्या सेटिंगप्रमाणे केर्बेरोस (ओळख पटवणारी यंत्रणा) लॉगिन नाकारतं, त्यामुळे लोकांचे लॉगिन पडायला लागले, मग त्याने घड्याळ परत मागे आणलं आणि आता नवीन चलनं आधीच्या चलनांपेक्षा साडेपाच तास आधीची. वेळेनुसार क्रम लावणारं जे जे होतं ते सगळं उलटसुलट झालं. मूळ चूक एका ओळीची होती, निस्तरायला आठवडा गेला.

दुसरं, फॉरमॅट बघा. याला दोन मिनिटं लागतात आणि लाज वाटावी इतक्या वेळा इथेच सापडतं. ओरॅकलमध्ये मिनिटांसाठी एमआय लिहायचं असतं, एमएम म्हणजे महिना, म्हणून जूनमध्ये प्रत्येक एंट्री अमुक वाजून सहा मिनिटांची दिसते. मायएसक्यूएलच्या डेट-फॉरमॅटमध्ये मिनिटाला टक्केवारीच्या चिन्हापुढे छोटा आय लागतो, छोटा एम टाकला की तिथेही महिनाच. ओरॅकलमध्येच एचएच२४ च्या जागी नुसतं एचएच लिहिलं की बारा तासांचं घड्याळ सुरू, दुपारचे दोन आणि पहाटेचे दोन सारखेच. जावामध्ये छोटे एम मिनिटं आणि मोठे एम महिना. तिथलीच अजून एक खोड म्हणजे वर्षासाठी मोठे वाय लिहिले तर ते आठवड्याच्या हिशोबाचं वर्ष धरतं, त्यामुळे ३० डिसेंबर २०२४ ची नोंद ३० डिसेंबर २०२५ अशी छापली जाते. वर्षातले तीन-चारच दिवस येणारा बिघाड, लोक ३१ तारखेच्या पार्टीतून उठून सर्व्हर रीस्टार्ट करतात आणि २ जानेवारीला तो "आपोआप बरा" होतो. हे आधी का बघायचं, तर साठवलेला डेटा शंभर टक्के बरोबर असतो, फक्त छापताना बिघडतो, आणि असा डेटा "दुरुस्त" करायला गेलात तर चांगला डेटा हातानेच नासवाल.

तिसरं, सेशनचा टाइमझोन. एकाच टेबलची एकच एंट्री तुम्हाला दुपारी दोनची आणि शेजारच्या टेबलवरच्या दादाला सकाळी साडेआठची दिसते, दोघंही खरं बोलत असतात. डेटाबेसला जोडलेल्या प्रत्येक कनेक्शनचा आपापला टाइमझोन असू शकतो. पोस्टग्रेसमध्ये शो टाइमझोन म्हणून विचारा, मायएसक्यूएलमध्ये ग्लोबल आणि सेशन दोन्ही टाइम-झोन व्हेरिएबल बघा, ओरॅकलमध्ये सेशनटाइमझोन. ओरॅकलवाल्यांनी हेही लक्षात घ्या की सिसडेट सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टमची वेळ देतं आणि करंट-डेट तुमच्या सेशनची, एका प्रोसिजरमध्ये हे आणि दुसऱ्यात ते वापरलंय म्हणून झालेली भांडणं मी सोडवली आहेत. एसक्यूलाइटचं करंट-टाइमस्टॅम्प नेहमी यूटीसीच देतं, मोबाईल ॲप बनवणारे हमखास इथे आपटतात. क्लाउडवाल्यांचा वेगळाच गैरसमज असतो, सर्व्हर मुंबई रीजनमध्ये घेतलाय म्हणजे तो मुंबईची वेळ दाखवणार. नाही दाखवत. ॲमेझॉनचं आरडीएस मुळात यूटीसीवर येतं, आणि अझूरचा एसक्यूएल डेटाबेस तर यूटीसीवरच चालतो, तो बदलताच येत नाही, तिथे वाचताना ॲट टाइम झोन वापरून आपली वेळ काढायची.

टाइमझोन लिहिताना पूर्ण नाव लिहा, एशिया/कोलकाता. "आयएसटी" हे तीन अक्षरांचं नाव टाळाच. पोस्टग्रेसच्या मूळ यादीत आयएसटी म्हणजे इस्रायलची प्रमाणवेळ, यूटीसीपेक्षा दोन तास पुढे. ठाण्यातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाड्यांच्या जीपीएसची सीएसव्ही फाइल रोज लोड व्हायची, वेळेपुढे आयएसटी लिहिलेलं, आणि गाडी दहाला घोडबंदर रोडला असेल तर सिस्टममध्ये दुपारी दीड. साडेतीन तासांचं कोडं आम्ही दोन दिवस सोडवत होतो, ड्रायव्हरवर संशयसुद्धा घेऊन झाला बिचाऱ्याच्या. पोस्टग्रेसमध्ये टाइमझोन ॲब्रिव्हिएशन्सचं सेटिंग इंडिया केलं की ते सुटतं, नव्या १८ व्हर्जनमध्ये आधी तुमच्या सेशनच्या झोनमधली संक्षिप्त नावं बघितली जातात, पण मी तरी पूर्ण नावावरच राहते. तिथलाच दुसरा सापळा, "यूटीसी+५:३०" असं हाताने लिहिणं. पोस्टग्रेस ते जुन्या पॉसिक्स पद्धतीने वाचतं, त्यात अधिक म्हणजे ग्रीनिचच्या पश्चिमेला, म्हणजे तुम्ही डायरेक्ट अटलांटिक ओलांडून जाता आणि वेळ अकरा तास मागे.

मायएसक्यूएलमध्ये कन्व्हर्ट-टीझेड नल (म्हणजे रिकामं उत्तर) देत असेल तर क्वेरी चुकली नाहीये, टाइमझोनच्या नावांची टेबलं भरलेलीच नाहीयेत. एकदा भरून घ्या, संपला विषय.

चौथं, कॉलमचा टाइप. मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प टाइप आत यूटीसी ठेवतो आणि वाचताना सेशनच्या झोनमध्ये बदलून देतो, डेटटाइम मात्र दिलं तेच जसंच्या तसं ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये टाइमझोनसकट आणि टाइमझोनशिवाय असे दोन प्रकार, आणि नाव काहीही असलं तरी टाइमझोनसकटवाल्यात झोन साठवला जात नाही, तो क्षण यूटीसीत ठेवला जातो. हे तपासायचं कारण असं की इथून पुढे दोन रस्ते फुटतात. पहिल्या प्रकारचा, म्हणजे यूटीसी ठेवणारा कॉलम असेल आणि वाचतानाचं सेटिंग तेवढं चुकलं असेल, तर सेशनचा झोन बदलला की जुन्या एंट्रीही आपोआप बरोबर दिसायला लागतात. दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे दिलं तेच ठेवणारा असेल तर आतापर्यंत जे चुकीचं लिहिलं गेलंय ते चुकीचंच राहणार, आणि आज सेटिंग बदललं की उद्यापासूनचं बरोबर, म्हणजे एकाच कॉलममध्ये दोन जातीच्या वेळा. जाता जाता, मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प १९ जानेवारी २०३८ ला आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांपर्यंतच जातो. लांबची गोष्ट वाटते, पण आज घेतलेल्या फ्लॅटचं वीस वर्षांचं कर्ज त्याच्या पलीकडे संपतं, हप्त्याच्या शेवटच्या तारखेचा कॉलम टाइमस्टॅम्प ठेवणाऱ्याला आत्ताच एरर येतो.

पाचवं, ड्रायव्हर आणि ॲप्लिकेशन. जावा आणि मायएसक्यूएलवाल्यांना तो एरर पाठ असेल, सर्व्हरचा टाइमझोन "इंडिया स्टँडर्ड टाइम" ओळखता येत नाही म्हणून कनेक्शनच होत नाही. मग माणूस इंटरनेटवर शोधतो, कोणीतरी सांगितलेलं असतं की कनेक्शनच्या ओळीत सर्व्हर टाइमझोन यूटीसी टाक, तो टाकतो, कनेक्शन होतं, सगळे खूश, आणि सर्व्हर आपल्या वेळेवर असल्यामुळे त्या दिवसापासून प्रत्येक वेळ साडेपाच तासांनी सरकते. कनेक्शन स्ट्रिंग उघडा आणि तिथे यूटीसी कोणी आणि का लिहिलं ते विचारा. बहुतेक वेळा लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो.

वेळ पुढे गेलेली असेल तर साडेपाच तास कोणकोण मिळवतंय ते मोजा. डेटाबेस, ड्रायव्हर, बॅकएंड, ब्राउझर, चौघांपैकी एकानेच हे काम करायचं. कोडमध्ये ३३० हा आकडा शोधा, किंवा १९८००. कोणीतरी मिनिटं किंवा सेकंद हाताने मिळवलेली असतात आणि वर "टेम्पररी" अशी कमेंट असते.

ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने निवडलेली तारीख आयएसओ स्ट्रिंग करून पाठवली की आपली रात्रीची बारा आदल्या दिवशीची १८:३० होते आणि लोकांचा वाढदिवस एक दिवस आधी येतो. जन्मतारखेला वेळच नसते, तिला नुसत्या डेट टाइपमध्ये ठेवा, तारीख म्हणूनच पाठवा. एकदा पेन्शनच्या यादीत काही म्हाताऱ्या माणसांच्याच जन्मतारखा अजून एक तासाने वेगळ्या निघाल्या, १८:३० च्या जागी १७:३०. डोकं फुटायची वेळ आली. सगळे १९४३-४४ च्या आसपास जन्मलेले. दुसऱ्या महायुद्धात भारताचं घड्याळ एक तास पुढे, म्हणजे ग्रीनिचपेक्षा साडेसहा तास पुढे केलेलं होतं आणि टाइमझोनच्या फाइलींमध्ये ते इमानेइतबारे नोंदवलेलं आहे. कॉम्प्युटर बरोबर होता, आपणच जन्माच्या तारखेला वेळ चिकटवलेली.

सहावं, गोठलेली वेळ. पोस्टग्रेसचं नाऊ ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, आत्ताची नाही. अर्धा तास चाललेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये शेवटच्या एंट्रीलाही सुरुवातीचीच वेळ लागते. हा बिघाड नाही, मुद्दाम तसं ठेवलंय, खरी चालू वेळ हवी तर क्लॉक-टाइमस्टॅम्प वापरा. पण वेळ रोजच्या साध्या एंट्रीतही मागे राहत असेल तर कनेक्शन पूलमध्ये (ॲप्लिकेशनने उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात) एखादं ट्रान्झॅक्शन कमिट न करता उघडं पडलंय का बघा, तो वेगळा आणि मोठा आजार आहे. मायएसक्यूएलचं नाऊ त्या स्टेटमेंटच्या सुरुवातीची वेळ देतं आणि सिसडेट त्या क्षणाची, स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये दोन्ही मिसळली की गोंधळ.

ओरॅकलमध्ये फिक्स्ड-डेट नावाचा पॅरामीटर आहे, तो लावला की सिसडेट त्याच तारखेवर थांबतं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कोणीतरी इयर एंडिंगचं टेस्टिंग करायला तो ३१ मार्चवर ठेवला आणि काढायचा विसरला. एप्रिल उजाडला, बिलं ३१ मार्चचीच. अकाउंटंट काका म्हणाले, "ताई, आमचा मार्च एरवीही संपत नाही, पण इतका?" पॅरामीटर नन केला आणि एप्रिल सुरू झाला. ओरॅकलमध्येच सर्व्हरवर बसून वेळ बरोबर आणि नेटवर्कवरून चूक येत असेल तर लिसनर (बाहेरून येणारी कनेक्शन घेणारा प्रोग्राम) कुठल्या टाइमझोनच्या वातावरणात सुरू झालाय ते बघायचं, नेटवर्कवरून आलेलं सेशन ते त्याच्याकडून घेतं.

सातवं, कंटेनर आणि ऑपरेटिंग सिस्टम. कंटेनरचं (एका मशीनवर वेगळं बांधून चालवलेल्या सॉफ्टवेअरच्या डब्याचं) घड्याळ यजमान मशीनचंच असतं, त्याला स्वतःचं घड्याळ नाही, झोन मात्र वेगळा आणि सहसा यूटीसी. सुरुवातीला सांगितलेली वाशीची रात्र अशीच होती, आदल्या दिवशी मायएसक्यूएल नव्या कंटेनरमध्ये हलवलं आणि टाइमझोनची ओळ जुन्या मशीनवरच राहिली. अल्पाइन लिनक्सच्या छोट्या कंटेनर इमेजमध्ये टाइमझोनच्या फाइली नसतातच, तिथे नुसतं नाव देऊन उपयोग नाही, ते पॅकेज टाकावं लागतं. आणि मायएसक्यूएल सिस्टमचा झोन फक्त सुरू होताना वाचतं, ऑपरेटिंग सिस्टमचा झोन बदलून डेटाबेस रीस्टार्ट केला नाही तर काहीच बदलत नाही आणि तुम्हाला वाटतं की कारण दुसरंच आहे.

आठवं, खरं घड्याळ. इथे पोचलात म्हणजे पहिल्या तपासणीत यूटीसी वेळच चुकलेली निघाली असणार, नाहीतर परत वर जा. लाईट गेली की तारीख जुन्या वर्षात जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल गेलाय, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात आपली स्थानिक वेळ धरतं आणि लिनक्स यूटीसी, दोघं एकमेकांचे साडेपाच तास पळवत बसतात. रोज थोडी थोडी घसरण असेल तर एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची पद्धत) बंद आहे, बहुतेक फायरवॉलने यूडीपीचा १२३ नंबरचा पोर्ट अडवलाय. वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे लिनक्सवर क्रोनीला, विंडोजवर डब्ल्यू३२टीएमला विचारा, शेवटचं सिंक कधी आणि कोणाकडून झालं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) एनटीपीशी जुळवायला सांगितलंय, तेव्हा ऑडिटमध्येही हे विचारतात. व्हर्च्युअल मशीन असेल तर वेळ एनटीपी देतंय की यजमान, एकच काय ते ठेवा, दोघं ओढाताण करतात आणि स्नॅपशॉटवर परत गेलात की वेळ उडी मारते.

आता कुठे थांबायचं. घड्याळ मागे न्यायची वेळ आली आणि डेटाबेस चालू आहे, तर थांबा. थोडा फरक असेल तर क्रोनी घड्याळ हळू चालवून तो जिरवतो, पण तास-दोन तासांची उडी मागे मारायची असेल तर ते काम डीबीएचं (डेटाबेस सांभाळणाऱ्याचं), आधी ॲप्लिकेशन बंद, बॅकअप, मग घड्याळ. रेप्लिकेशन किंवा क्लस्टर असेल तर एका नोडचं घड्याळ एकट्याने बदलू नका. डोमेन कंट्रोलरला हात लावू नका, तो नेटवर्कवाल्यांचा. सेल बदलूनही तारीख उडत असेल तर बोर्डचा प्रॉब्लेम, हार्डवेअरवाल्याला बोलवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या चुकलेल्या एंट्रींना सरसकट साडेपाच तास मिळवणारा अपडेट स्वतः मारू नका, विशेषतः बिलं, जीएसटी, पगार यांच्या टेबलवर. कुठल्या एंट्री चुकीच्या काळात पडल्या आणि कुठल्या दुरुस्तीनंतर, ती रेघ नक्की आखता येत नसेल तर बरोबर असलेल्याही सरकतात आणि मग कशानेच सुटका नाही. डीबीएला फोन करताना तो चार वेळांचा कागद, डेटाबेसचं व्हर्जन, कॉलमचा टाइप, चूक पहिल्यांदा दिसलेली एंट्री आणि त्याच्या आदल्या दिवशी कोणी काय बदललं, एवढं हातात ठेवा. शेवटचं विचारल्यावर सगळे "काहीच नाही बदललं" म्हणतात. वाशीलाही तसंच म्हणाले होते, कंटेनरचं नाव मीच लॉगमधून वाचून दाखवलं तेव्हा पलीकडून आवाज आला, "हां मॅडम, ते तेवढं बदललं होतं."